चारचौघांत बसूनही वेगळं पडल्यासारखं वाटतं, हे मनाचं की कानाचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या बाई ६१ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. घरात मुलगा, सून, दोन नातवंडं. गेली तीनेक वर्षं त्यांना वाटतंय की आपण सगळ्यांत असून सगळ्यांपासून बाजूला पडलोय. त्यांचेच शब्द असे: "पंगतीत बसवलंय, पण माझ्या पानात कुणी वाढतच नाही असं वाटतं." भजनी मंडळ सुटलं, भिशीला जाणं बंद केलं. सगळे हसले की त्याही हसतात, कशाला ते कळत नाही. घरचे म्हणतात तू तुसडी झालीस, रिटायरमेंट मनाला लावून घेतलीस, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू. त्यांचा प्रश्न आहे की हे डिप्रेशन असेल का. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "आवाज सगळा येतो, बोलणं समजायला मात्र वेळ लागतो. कान तसे ठीक आहेत."

बाई, तुम्ही शिक्षिका होतात म्हणून बाईच म्हणते. मी २४ वर्षं ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाला किती ऐकू येतं ते तपासणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते आहे, आणि तुमचं पत्र वाचताना त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, करूही नये. पण मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेण्याआधी, किंवा घेतली असेल तर त्याच आठवड्यात, कानाची तपासणी करून घ्या एवढं मी ठामपणे सांगेन. "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" हे वाक्य माझ्या खोलीत रोज कुणीतरी उच्चारतं, आणि त्याच्या आधी बहुतेक जण म्हणतात, "कान ठीक आहेत."

असं का होतं ते नीट सांगते, कारण ते समजलं की निम्मा अपराधीपणा जातो.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिआ. तिच्यात जन्मतः साधारण १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नळीच्या दाराशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे, बारीक आवाज टिपतात, आणि आतल्या टोकाच्या पेशी जाड, खर्जातले. वयाने, गोंगाटाने, काही औषधांनी आधी झिजतात त्या साधारणपणे दाराच्या बाजूच्या. म्हणून पन्नाशी-साठीत ऐकणं कमी होतं ते सगळीकडून सारखं होत नाही. वरची पट्टी आधी जाते, खालची बरीच वर्षं शाबूत राहते.

आता हे मराठीला लावून बघा. आ, ओ, उ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, जोरकस असतात, ते छान ऐकू येतात. आवाज त्यांचा असतो. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत असतो, आणि स, श, फ, थ, त, ख यांसारखी व्यंजनं हळू आणि बारीक असतात. पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकी पट्टी उंच. 'स'चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. तो गेला की 'साठ' आणि 'आठ' एकच. पाट, ताट, खाट यांच्यात फरक उरतो तो अंदाजाचा. माणूस बोलतोय हे कळतं, कोण बोलतंय हे कळतं, रागावून बोलतोय की प्रेमाने तेही कळतं, काय बोलतोय तेवढं कळत नाही.

मराठीची आणखी एक अडचण मला कामातून जाणवली आहे. आपल्याकडे क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि बोलताना आवाज उतरतो तोही शेवटीच. "उद्या पाहुणे येणार" एवढं खणखणीत येतं आणि "नाहीत" घशात विरतं. मग तुम्ही सकाळी उठून जास्तीची कणीक भिजवता आणि घरचे म्हणतात, "काल सांगितलं होतं ना तुला?" सांगितलं होतंच, आणि तुम्ही ऐकलंही होतं. शेपूट तेवढं पडलं.

ऐकू येण्यावरून भांडणं होतात त्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. "ती ऐकत नाही" म्हणजे तिला ऐकू येत नाही की ती जुमानत नाही? दोन्हीला एकच शब्द. कितीतरी घरांत पहिल्या अर्थाची गोष्ट वर्षानुवर्षं दुसऱ्या अर्थाने घेतली गेलेली मी पाहिली आहे.

इचलकरंजीकडचे एक गृहस्थ सुनेबरोबर आणि मुलाबरोबर आले होते. तीसेक वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलेली. त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मुलाची तक्रार अशी की अप्पांना सोयीचं तेवढं ऐकू येतं. तपासणीच्या आलेखात खालच्या पट्टीत त्यांचा कान जवळजवळ नॉर्मल होता, ५०० हर्ट्झचा आवाज २५ डेसिबलला ऐकू यायचा. ४००० चा मात्र ६५ डेसिबलइतका मोठा केल्यावरच. मी मुलाला एक वाक्य बोलायला सांगून रेकॉर्ड केलं: "अप्पा, उद्या सकाळी साडेसातला गाडी येणार आहे, साखर तपासायची आहे, उपाशी राहा." मग त्या आलेखाप्रमाणे वरच्या पट्ट्या कापून तेच वाक्य हेडफोनवर त्यालाच ऐकवलं. "अप्पा, उद्या... आळी... आडे... आला गाडी येणार आहे... आ... अर... आयची आहे..." आवाज मुळीच लहान नव्हता. मुलाने दोनदा ऐकलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "मग इतके दिवस अप्पा चालवत कशावर होते?" मी म्हटलं, तुमच्या चेहऱ्यावर. तुम्ही पाठमोरे असता किंवा फोनमध्ये बघत बोलता, तेव्हा त्यांना ऐकू येत नाही. समोर बसून बोलता तेव्हा येतं. त्यालाच तुम्ही सोयीचं ऐकणं म्हणत होता.

ओठ, डोळे, विषय, आधीचं वाक्य, समोरच्याची सवय, या सगळ्यांतून गाळलेल्या जागा भरत राहणं हे कष्टाचं काम आहे. तुम्ही वर्गात चाळीस मुलांच्या वह्या तपासून थकत होतात तसंच. एका माणसाशी, शांत खोलीत, हे जमतं. चारजण एकदम बोलायला लागले की मोडतं. गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढण्याची मेंदूची जी किमया आहे तिचा अभ्यास कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडला, आणि पाश्चात्त्यांच्या मेजवानीवरून तिला 'कॉकटेल पार्टी' हे नाव पडलं. आपल्याला लग्नाचा हॉल जास्त ओळखीचा. बँड, मुलांचा आरडाओरडा, भांड्यांचा आवाज, आणि त्यात जावेचं हळू आवाजातलं काहीतरी महत्त्वाचं. निरोगी कानांनाही तिथे दमायला होतं. झिजलेल्या कानांना ते जवळपास अशक्य असतं. अशा समारंभातून आल्यावर डोकं दुखणं, चिडचिड होणं, दोन दिवस कुणाशी बोलावंसं न वाटणं, हे लोक मला फार वेळा सांगतात. भिशी नकोशी होण्यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. बारा बायकांची भिशी ही कमी ऐकू येणाऱ्यासाठी सगळ्यात अवघड परीक्षा असते.

आता तुम्ही जे खरं विचारलंय तिकडे येते. वेगळं पडल्यासारखं का वाटतं?

आपल्या भाषेत 'कानावर पडणं' असा एक फार नेमका शब्दप्रयोग आहे. ऐकणं म्हणजे कुणीतरी आपल्याशी बोललेलं घेणं. कानावर पडतं ते आपल्यासाठी नसतंच. दूधवाला पुढच्या महिन्यापासून दर वाढवणार आहे, नातीची सहल पुढं ढकलली, सून माहेरी फोनवर बोलताना आज आवाज जड होता, मुलगा जिन्यात कुणाशी तरी कर्जाबद्दल बोलत होता. यातलं काहीच कुणी तुम्हाला बसवून सांगत नाही. पण याच सगळ्याने माणूस घरात मुरलेला असतो. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता घरातल्या प्रत्येकाची नाडी आपल्याला कळत असते ती अशी, कानोसा न घेताही.

कान झिजले की आधी हे जातं. समोरासमोर बोलणं बरीच वर्षं टिकतं, कानावर पडणं कधीच थांबलेलं असतं. मग तुमच्यापर्यंत पोचतं ते फक्त मुद्दाम सांगितलेलं, तेही सार काढून. "रविवारी आपण जेजुरीला जातोय." जायचं की नाही, गाडी कुणाची, आईला पायऱ्या झेपतील का, ही चर्चा आठवडाभर त्याच खोलीत, तुमच्यासमोर झालेली असते. तुमच्यापर्यंत आला तो निर्णय. तुम्हाला वाटतं, मला न विचारता ठरवलं. त्यांना वाटतं, ही तर इथेच बसली होती. पुढची पायरी म्हणजे, ते हळू बोलतायत म्हणजे माझ्याबद्दलच बोलतायत, असा संशय. चांगल्या, उमद्या माणसांत हा संशय शिरताना मी पाहिला आहे, आणि आवाज परत आल्यावर तो बहुतेकदा ओसरतानाही पाहिला आहे.

त्याहून बोचणारी गोष्ट अगदी छोटी असते. जेवताना सगळे हसतात. तुम्ही विचारता, "काय झालं?" उत्तर येतं, "काही नाही गं आई." म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की शिळा होतो, म्हणून तो टाळतो. पण असं दिवसात पाच-सहा वेळा झालं की माणूस विचारणं सोडतो. मग मान डोलावणं सुरू होतं, बाकीच्यांचे चेहरे बघून हसणं सुरू होतं. तुम्ही लिहिलंय तसं. माझ्या अनुभवात माणूस मनाने वेगळा होतो तो याच टप्प्यावर, कारण आता त्याला घरातच नाटक करावं लागतं. लहानपणी माझी आजी उंबऱ्याशी बसून असायची आणि आम्ही भावंडं एकमेकांना म्हणायचो, "आजीला काय सांगायचं, तिला कळत नाही." ती सगळ्यांकडे बघून हसायची. ते हसू मला आज ओळखता येतं, तेव्हा आलं नाही.

हे फार जुनं दुखणं आहे. बेथोव्हेन या संगीतकाराने १८०२ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८२७ मध्ये सापडलं. लोक मला माणूसघाणा समजतात, पण मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही, हे माझ्या तोंडून निघत नाही, असं त्यात आहे. दोनशे वर्षांनी तुमच्या घरात 'तुसडी' हा शब्द वापरला गेला तो याच गैरसमजातून असावा असा माझा अंदाज आहे.

तपासणीला जायच्या आधी स्वतःशी ताडून बघा. डिजिटल थर्मामीटरची पिप ऐकू येते का? रात्री रातकिडे ऐकू येतात का? अलीकडे चिमण्या दिसतात पण ओरडत नाहीत असं वाटतं का? नातवंडांचं बोलणं मुलाच्या बोलण्यापेक्षा अवघड जातं का? पोरांचे आवाज बारीक आणि हलके असतात, त्यामुळे आजीचा आणि नातवाचा संवाद आधी तुटतो, आणि तो सगळ्यात जास्त लागतो. आणखी एक खूण: हळू बोललेलं कळत नाही, आणि कुणी आवाज चढवला की "ओरडता कशाला" असं होतं. घरच्यांना हा नखरा वाटतो. झिजलेल्या कानात हळू आणि असह्य यांतलं अंतरच कमी झालेलं असतं, ते त्या माणसाच्या हातात नसतं.

तपासणी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर सगळं लख्ख होतं. कधी पडद्याला भोक असतं, कधी आतलं लहानसं हाड जखडलेलं असतं, ज्याला शस्त्रक्रिया आहे. मधुमेह, थायरॉइड, पूर्वी घेतलेली स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कॅन्सरची काही औषधं, हे सगळं त्यांना सांगा. कानात लसणाचं तेल, काडी, केसातली पिन, काहीही घालू नका. आणि हे सगळ्यांसाठीच सांगते: एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ती इमर्जन्सी समजा. थांबू नका, "सर्दीने असेल" म्हणून आठवडा घालवू नका. त्या आजारात स्टिरॉइड लवकर सुरू झालं तर फायदा होण्याची शक्यता जास्त असते, दोन आठवड्यांनंतर ती बरीच घटते. एकाच कानात ऐकणं कमी होणं किंवा एकाच कानात सतत आवाज येणं, हेही डॉक्टरांना वेगळं सांगा. त्याला कधी एमआरआय लागतो.

त्यानंतर ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबायचं. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक पट्टीला तुमचा कान किती डेसिबलला जागा होतो त्याचा आलेख निघतो. एवढ्यावर थांबू देऊ नका. शब्दांची चाचणी मागा, म्हणजे स्पीच ऑडिओमेट्री, आणि ती मराठी शब्दांनी करा. तुमची तक्रार शब्दांची आहे, शिट्ट्यांची नाही. नुसत्या शिट्ट्यांचा आलेख पाहून "वयानुसार ठीक आहे" म्हणून परत पाठवलेली माणसं माझ्याकडे आली आहेत, आणि त्यांना शांततेत दहापैकी सहाच शब्द ओळखता येत होते. कुणी "तुम्ही ४० टक्के बहिऱ्या आहात" असं सांगितलं तर घाबरू नका. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्याशी समोरून मीटरभर अंतरावरून बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो, त्याच्याशी तुलना करून आलेख समजून घ्या.

समजा ऐकणं कमी झाल्याचं निघालं, तर मशीन. इथे लोक थबकतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी पहिली शंका आल्यापासून पाच-सहा वर्षं घालवलेली असतात. चष्म्याला कुणी लाजत नाही, कानाच्या मशीनला लाजतात, आणि बायका जास्त लाजतात, कारण "म्हातारी झाली" हे ऐकावं लागेल ही भीती. मी त्यांना एवढंच म्हणते, मशीन लोकांना एकदाच दिसेल, पण भलतंच उत्तर दिलेलं रोज दिसतं आहे.

मशीन ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळतं ते घेऊ नका. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं. तुमच्या खालच्या पट्ट्या शाबूत असतील तर तिथे वाढवायचं काहीच नाही, उलट पंखा आणि रहदारी अंगावर येईल आणि 'स' तसाच हरवलेला राहील. डिजिटल मशीन तुमच्या आलेखाप्रमाणे पट्टी-पट्टीने बसवावं लागतं. एका कानाचं साधारण १५-२० हजारांपासून सुरू होतं आणि लाखाच्या वर जातं. महागाचंच घ्यावं असं मुळीच नाही. नीट बसवलेलं मध्यम मशीन हे घाईत बसवलेल्या भारी मशीनपेक्षा चांगलं चालतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की शपथेवर सांगेन. बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना ते विचारा. ट्रायल मागा, आणि ती दुकानातल्या शांत खोलीत न घेता घरी, जेवणाच्या वेळी घ्या. दोन्ही कान कमी असतील तर शक्यतो दोन्हीला लावा, गोंगाटातून आवाज वेगळा काढायला मेंदूला दोन कान लागतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, साठीपुढच्या अल्प उत्पन्न गटासाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून, तिथे तपासणी आणि मशीन दोन्हीची सोय आहे.

पहिले काही दिवस त्रासाचे जातात हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मशीन कपाटात जाणार नाही. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कागद फाडल्यासारखं वाटतं. स्वतःच्या बांगड्या, नळाचं पाणी, चपलांचा आवाज, सगळं एकदम आत घुसतं. स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा येतो. मेंदू बरीच वर्षं हे आवाज विसरलेला असतो, त्याला पुन्हा गाळायला शिकायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. सुरुवातीला घरात दोन-तीन तास, मग वाढवत न्या. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्याच आठवड्यात जाऊन "काही उपयोग नाही" असा निकाल लावू नका. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, घाम आणि दमट हवा त्याचे शत्रू.

भजनी मंडळाबद्दल खास सांगायचंय, कारण तुम्ही ते सोडलंत हे वाचून मला फार वाईट वाटलं. मशीन हे बोलण्यासाठी बनवलेलं असतं. पेटीचा लांबलेला सूर त्याला कधी कधी शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला जातं, मग सूर थरथरल्यासारखा येतो. बसवणाऱ्याला सांगून भजनासाठी वेगळा म्युझिक प्रोग्राम करून घ्या. बसताना टाळांच्या ओळीपासून लांब, पेटीच्या बाजूला बसा. अभंग तर तुम्हाला पाठच असतील, आणि पाठ असलेलं ऐकायला कान कमी लागतो. माणसांत परतायचं असेल तर भिशीच्या आधी भजनापासून सुरुवात करा.

आता घरच्यांसाठी, हे त्यांना वाचून दाखवा. मोठ्याने बोलू नका, जवळ येऊन बोला. ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि चेहरा रागीट दिसतो. चार मीटरवरून बोलण्याऐवजी एका मीटरवर आलात तर आवाज तसाही १२ डेसिबलपर्यंत वाढतो. आधी हाक मारा, बघितल्यावर बोला. चेहऱ्यावर उजेड असू द्या, खिडकीकडे पाठ करून बोलू नका. जेवताना टीव्ही बंद. आणि "काही नाही" हे दोन शब्द घरातून हद्दपार करा. विनोद शिळा झाला तरी चालेल, सांगा. घरातला कुठलाही विषय बदलला की एकाने सांगायचं, "आई, आता गाडीचं चाललंय." विषय कळला की बरेचसे शब्द आपोआप जुळतात.

तुमच्याकडून एक बदल हवा. नुसतं "काय?" विचारू नका. त्याने समोरचा सगळं वाक्य पुन्हा म्हणतो, चिडून म्हणतो. कळलेला भाग स्वतः बोला आणि न कळलेलं विचारा: "शनिवारी कुठं जायचं म्हणालास?" समोरच्याला कळतं की तुमचं लक्ष होतं. हॉटेलात, समारंभात भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यातली जागा घ्या, म्हणजे मागून येणारा गोंगाट थांबतो. फोनवर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब आहे, ते मराठी बोलणं स्क्रीनवर लिहून दाखवतं. चुका करतं, पण डॉक्टरांकडे, बँकेत कामाला येतं.

डिप्रेशनबद्दल. कान कमी असणं आणि मन खचणं या दोन गोष्टी एकत्रही असू शकतात, म्हणून कानात दोष निघाला की मनाचं काही नाहीच असं समजू नका. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, एकट्याने करायच्या ज्या गोष्टी आवडायच्या, म्हणजे वाचन, बाग, शिवण, त्यातही मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर जा. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की वाचन चालू आहे आणि कुंड्यांत या वर्षी शेवंती छान आली. माणसं नकोशी आणि शेवंती हवीशी, हे पाहून माझा कल कानाकडे जातो. जगणं नको असं वाटलं तर मात्र कशाचीच वाट पाहू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

"मशीन घाला नाहीतर स्मृतिभ्रंश होईल" अशा जाहिराती तुम्हाला दिसतील. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं आहे, हे खरं. पण २०२३ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, ९७७ ज्येष्ठांना तीन वर्षं पाहिल्यावर, सगळ्यांचा मिळून विचार केला तर मशीनमुळे फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. तुम्ही भीतीपोटी मशीन घेऊ नका. नातीशी बोलता यावं म्हणून घ्या, ते कारण पुरेसं आहे.

तपासणीला जाताना एकट्या जाऊ नका. सुनेला नेलंत तर उत्तम, मुलाला नेलंत तर त्याहून उत्तम, कारण 'तुसडी' हा शब्द कुणाचा ते तुम्ही लिहिलं नाहीत. आवाजबंद खोलीच्या काचेतून त्याला बसून बघू द्या. एका बाजूला तपासणीच्या यंत्रावर आवाज वाजल्याचा दिवा लागतो, आणि आतल्या माणसाचा हात बटणावर तसाच स्थिर राहतो. आलेख मिळाला की दोन्ही कानांचे २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे आणि शब्दांच्या चाचणीचे गुण मला कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल. तोवर आज रात्री जेवताना टीव्ही बंद ठेवून बघा, आणि नातीला तुमच्या शेजारी न बसवता समोर बसवा.